हॅल्फर्डबाईंचा दुसरा फोन

मर्सीसाइड पोलिसांच्या मुख्यालयात ॲलिसन हॅल्फर्ड यांना स्वतंत्र खोली होती, आणि त्या खोलीत दोन फोन. एक कामाचा. दुसरा खासगी बोलण्यासाठी म्हणून मुद्दाम दिलेला. बाई मे १९८३ मध्ये लिव्हरपूलला असिस्टंट चीफ कॉन्स्टेबल म्हणून रुजू झाल्या, तेव्हा ब्रिटनच्या पोलीस दलात इतक्या वरच्या हुद्द्यावर दुसरी स्त्री नव्हती. १९६२ मध्ये लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांत भरती झालेल्या या बाईंनी गणवेशातली दोन दशकं पाहिली होती. रात्री-अपरात्री कधीही बोलावणं यायचं, म्हणून त्यांच्या घरच्या फोनच्या बिलाचा मोठा हिस्साही दल भरत असे. म्हणजे फोन घरचा असो की ऑफिसातला, पैसा बहुतांशी सरकारी. पुढे जे रामायण घडलं त्यात हा मुद्दा फार उगाळला गेला.

हुद्दा मिळाला, पण पुढची पायरी काही मिळेना. डेप्युटी चीफ कॉन्स्टेबलच्या जागेसाठी बाईंनी सात वर्षांत आठ अर्ज केले, काही मर्सीसाइडमध्ये, काही इतर दलांत. प्रत्येक वेळी नकार. अशा नेमणुकीला गृहखात्याची संमती लागत असे, आणि बाईंचं म्हणणं असं की आपल्याच चीफ कॉन्स्टेबलच्या शिफारशीवरून ती संमती अडवली जाते, कारण आपण स्त्री-पुरुषांना सारखं वागवा म्हणून दलात तोंड उघडतो. तोंड त्यांनी खरंच उघडलं होतं. १९८७ मध्ये पोलिसांच्याच एका नियतकालिकात त्यांनी लेख लिहून वरच्या खुर्च्यांवर बायका का दिसत नाहीत हे विचारलं. वरिष्ठांना असले लेख कितपत रुचतात हे नोकरी केलेल्या कोणालाही सांगायला नको.

४ जून १९९० रोजी बाईंनी औद्योगिक न्यायाधिकरणात दावा ठोकला. आरोप लिंगभेदाचा, प्रतिवादींमध्ये मर्सीसाइडचे चीफ कॉन्स्टेबल होते आणि खुद्द ब्रिटनचे गृहमंत्रीही. समान संधी आयोग बाईंच्या पाठीशी उभा राहिला. दावा लावल्यावर त्यांनी एक गोष्ट शहाण्या माणसासारखी केली. कामाच्या वेळात, ऑफिसातून, ऑफिसच्या फोनवरून या खटल्याचं काम करायला चालेल का, असं चीफ कॉन्स्टेबलना विचारलं. उत्तर आलं, चालेल. एवढ्या एका होकारावर सात वर्षांनी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात बरंच काही ठरणार होतं.

पुढचे महिने मात्र धुळवडीचे गेले. जुलै १९९० च्या एका संध्याकाळी, ड्युटीवर असताना, एका स्थानिक उद्योजकाच्या घरच्या जलतरण तलावात बाई उतरल्या, तेही नीट पोशाख नसताना, असा आरोप झाला. इंग्लंडच्या टॅब्लॉइड वर्तमानपत्रांना याहून गोड खाऊ मिळणं कठीण. शिस्तभंगाची चौकशी बसली, डिसेंबरात पूर्ण पगारी निलंबन आलं. डिसेंबर १९९१ मध्ये उच्च न्यायालयाने ती शिस्तभंगाची कारवाई प्रक्रियेतल्या दोषांवरून रद्द ठरवली, पण तोवर बाईंच्या पोहण्याची चर्चा त्यांच्या दाव्यापेक्षा जास्त झाली होती.

या गदारोळात १६ एप्रिल १९९१ उजाडला. त्या दिवशी नाव न सांगणाऱ्या कोणीतरी बाईंना कळवलं, की तुमच्या घरच्या फोनवरच्या संभाषणांच्या लेखी प्रती मर्सीसाइड पोलीस तपासत होते, हे मी पाहिलं आहे. ऑफिसच्या फोनांबद्दल बाईंना संशय होताच. आता त्यांची खात्री पटली, की आपल्या खटल्यात आपल्याविरुद्ध वापरायला माल हवा म्हणून आपलंच दल आपलं बोलणं ऐकत आहे. ज्या वकिलांशी आपण डावपेच ठरवतो ते डावपेच प्रतिपक्षाच्या कानावर आधीच पडत असतील, तर तो खटला कसला?

तक्रार कोणाकडे करायची? पोलीस ऐकत असतील तर पोलिसांकडे जाऊन काय उपयोग, हा झाला एक भाग. खरी अडचण अशी होती, की हे ऐकणं गुन्हा आहे असं सांगणारं कायद्याच्या पुस्तकात काही सापडत नव्हतं. ते का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

इंग्लंडमध्ये सरकार लोकांचे फोन ऐकत आलं ते अनेक वर्षं केवळ गृहमंत्र्यांच्या सहीवर. तसा अधिकार देणारा कायदा नव्हता, आणि ऐकू नका म्हणणाराही नव्हता. १९५६-५७ मध्ये एका बॅरिस्टरची चांगलीच गंमत झाली. लंडनच्या एका नामचीन गुंडाचा फोन पोलीस ऐकत होते. त्यात या वकिलाचं बोलणं आलं. आणि गृहमंत्र्यांच्या परवानगीने त्या बोलण्याच्या प्रती थेट वकिलांच्या बार कौन्सिलच्या हाती देण्यात आल्या. गुन्हा शोधण्यासाठी ऐकलेलं बोलणं एका माणसाच्या धंद्याच्या शिस्तीसाठी वापरलं गेलं. वकिलाची सनद गेली. संसदेत आरडाओरडा झाला, बर्केट यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ऑक्टोबर १९५७ मध्ये अहवाल आला. अहवालाने असं बोलणं बाहेरच्या संस्थेला देणं चूक ठरवलं, पण कायदा केला नाही तो नाहीच.

मग आला सरे परगण्यातला जुन्या वस्तूंचा एक व्यापारी, मॅलोन. चोरीचा माल बाळगल्याचा खटला त्याच्यावर चालू असताना एका पोलिसाच्या डायरीतून लक्षात आलं, की त्याचा फोन ऐकला जात होता. सरकारी वकिलांनी गृहमंत्र्यांच्या वॉरंटवर तसं केल्याचं कबूल केलं. मॅलोन दिवाणी न्यायालयात गेला. २८ फेब्रुवारी १९७९ रोजी न्यायमूर्ती मेगरी यांनी दिलेला निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही तोंडपाठ असतो. त्याचं सार असं: इंग्लंडमध्ये जे मना केलेलं नाही ते करायला मोकळीक आहे, फोन ऐकायला मनाई करणारा कायदा नाही, म्हणून ऐकणं बेकायदा नाही. हे तत्त्व नागरिकाच्या स्वातंत्र्यासाठी जन्माला आलेलं. मेगरींच्या न्यायालयात त्याचा लाभ पोलिसांना मिळाला. मेगरींना स्वतःलाही ते खटकलं असावं, कारण या विषयावर कायदा करा असं त्यांनी निकालातच जवळजवळ ओरडून सांगितलं. मॅलोन स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला आणि २ ऑगस्ट १९८४ ला जिंकला. त्या थपडेनंतर ब्रिटिश संसदेने १९८५ चा संभाषण-अटकाव कायदा केला.

या कायद्याच्या पहिल्याच कलमात एक शब्द बसला होता: ‘सार्वजनिक’. टपालातून किंवा सार्वजनिक दूरध्वनी यंत्रणेतून जाणारा संदेश वॉरंटशिवाय मध्येच ऐकणं हा गुन्हा, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. आता एखाद्या मोठ्या कचेरीत फोन कसा पोचतो ते पाहा. रस्त्याखालून टेलिफोन कंपनीची केबल येते, इमारतीच्या तळघरात किंवा जिन्याखालच्या खोलीत शिरते आणि एका पेटीत संपते. तिथून पुढे कचेरीचं स्वतःचं एक्स्चेंज लागतं, आपल्या ऑफिसांत ज्याला ईपीएबीएक्स म्हणतात ते. त्यातून प्रत्येक खोलीकडे एक्स्टेन्शनच्या तारा निघतात. तांबं तेच, आवाज तोच, बोलणारी माणसं तीच. पण केबलच्या रस्त्याकडच्या टोकाला कोणी क्लिपा लावून ऐकलं तर दोन वर्षांची कैद, आणि पेटीच्या अलीकडे, एक्स्चेंजच्या बाजूला ऐकलं तर कायद्याला त्यात काही वावगं दिसत नाही. ब्रिटनमधल्या लाखो कारकुनांचे, टेलिफोन ऑपरेटरांचे, सेल्समनचे, आणि एका असिस्टंट चीफ कॉन्स्टेबलचे फोन या पेटीच्या अलीकडे होते.

ही भिंत किती हास्यास्पद होती ते पुढे १९९४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आलेल्या एका खटल्यातून कळतं. अमली पदार्थांच्या प्रकरणात पोलिसांनी एका फ्लॅटमधल्या कॉर्डलेस फोनचं बोलणं शेजारच्या फ्लॅटमध्ये बसून रेडिओवर पकडलं होतं. लॉर्डांनी सांगितलं, की हँडसेट आणि त्याच्या खालची बैठक यांच्यामधली लहरींची वाट ही सार्वजनिक यंत्रणा नव्हे; तेव्हा १९८५ चा कायदा इथे लागूच होत नाही. वाक्य उच्चारलं गेलं एकदाच, पण ते भिंतीच्या या बाजूला ऐकलं की त्या, यावर गुन्हा ठरायचा. कायद्याचं सगळं लक्ष तारेच्या मालकीवर. तिच्यातून कोणाचे शब्द चालले आहेत हे कोणी विचारतच नव्हतं.

हॅल्फर्डबाईंनी डिसेंबर १९९१ मध्ये त्याच कायद्याने नेमलेल्या न्यायाधिकरणाकडे तक्रार केली. फेब्रुवारी १९९२ मध्ये उत्तर आलं, की तुमच्या बाबतीत कायद्याचा भंग झालेला नाही. असं उत्तर वाचण्याची एक किल्ली आहे. त्याचा अर्थ ‘तुमचा फोन कोणी ऐकला नाही’ असा होऊ शकतो. ‘ऐकला, पण रीतसर वॉरंट होतं’ असाही होऊ शकतो. आणि ऑफिसच्या अंतर्गत फोनच्या बाबतीत तिसराही अर्थ निघतो: ‘ऐकला असेल, पण ते आमच्या कायद्याच्या बाहेरचं आहे.’ तिन्हीपैकी कोणता, हे सांगायला न्यायाधिकरण बांधील नव्हतं. वरून, असं टॅपिंग झाल्याचा सुगावा लागेल असा पुरावा कोणत्याही कोर्टात मांडायला त्याच कायद्याची बंदी. आपल्याकडच्या सरकारी उत्तरांना ‘मोघम’ म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी हा नमुना जरूर पाहावा.

लिव्हरपूलचे खासदार डेव्हिड ऑल्टन यांनी गृहखात्याला विचारलं, तेव्हा कुठे सरळ जबाब आला. ४ ऑगस्ट १९९२ च्या पत्रात गृहखात्याने लिहिलं, की मर्सीसाइड पोलिसांनी स्वतःच्याच टेलिफोन यंत्रणेवर कान ठेवला तर ते १९८५ च्या कायद्याबाहेर आहे, आणि त्यासाठी वॉरंटचीही गरज नाही. हॅल्फर्डबाईंच्या वकिलांना याहून उपयोगी कागद त्या सबंध प्रकरणात दुसरा मिळाला नसेल.

त्याच वर्षी मूळ दावा मिटला. जूनमध्ये औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सुनावणी सुरू झाली, पेपरांनी रकानेच्या रकाने छापले, जुलैत ती तहकूब झाली आणि मग तडजोड ठरली. चीफ कॉन्स्टेबलकडून सानुग्रह म्हणून १०,००० पौंड, खर्चापोटी वेगळी रक्कम, शिस्तभंगाचे आरोप मागे, आणि बाईंची निवृत्ती. लिंगभेद झाला की नाही, यावर निकाल झालाच नाही. मला यात दोन्ही बाजूंची दमछाक दिसते. बाई जिंकल्या असं म्हणवत नाही आणि हरल्या असंही. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या नोकरीची कहाणी पुस्तकरूपाने लिहून मोकळं व्हायचं ते होऊन घेतलं. १९९५ मध्ये पॉलिन क्लेअर या लँकशरच्या चीफ कॉन्स्टेबल झाल्या, ब्रिटनमधल्या पहिल्या स्त्री चीफ कॉन्स्टेबल. हॅल्फर्डबाईंनी ज्या खुर्चीसाठी रान उठवलं त्याहूनही वरची खुर्ची अशी शेजारच्या परगण्यात, दुसऱ्या बाईंना मिळाली.

फोनचा मामला मात्र बाईंनी सोडला नव्हता. एप्रिल १९९२ मध्येच त्यांचा अर्ज स्ट्रासबर्गला गेला होता. तिथे त्यांच्या बाजूने वारं थोडं वळलं होतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जर्मनीतल्या एका वकिलाच्या ऑफिसच्या झडतीच्या खटल्यात, नीमित्झ विरुद्ध जर्मनी, त्या न्यायालयाने म्हटलं, की खासगी जीवन म्हणजे फक्त घराच्या चार भिंती नव्हेत; माणसाची बहुतेक ओळखपाळख, जानपछान कामाच्याच ठिकाणी होते, म्हणून तिथलं आयुष्यही युरोपीय मानवी हक्क कराराच्या ८ व्या कलमात येऊ शकतं. आठ-दहा तास ऑफिसात काढणाऱ्याला हे सांगायला न्यायाधीश कशाला हवेत, असं वाटेल. पण कागदावर यावं लागतं.

ब्रिटिश सरकारने स्ट्रासबर्गमध्ये जी बाजू मांडली ती मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण मालकांच्या मनातलं तीत स्वच्छ उतरलं आहे. नोकराला फोन मालकाने दिला, तर त्यावरचं बोलणं मालकाने नोकराला आधी न सांगता ऐकायला तत्त्वतः हरकत नसावी, असं सरकारी वकिलांनी म्हटलं. ऑफिसचा फोन वापरताना आपलं बोलणं खासगी राहील अशी अपेक्षा बाईंनी धरायलाच नको होती, म्हणून ८ वं कलम लागूच होत नाही. ऑफिसचे फोन ऐकले गेल्याची ‘वाजवी शक्यता’ मात्र सरकारने मान्य केली. लक्षात घ्या, शक्यता. ‘ऐकले’ असं कोणी शेवटपर्यंत म्हटलं नाही.

२५ जून १९९७ रोजी निकाल लागला. न्यायालयाने सरकारचा तो मुद्दा पार झटकून टाकला. बाईंना कोणी कधी सांगितलं होतं का, की तुमचे फोन ऐकले जातील? नाही. मग बोलणं खासगी राहील ही अपेक्षा वाजवीच होती. आणि ती आणखी पक्की करणाऱ्या गोष्टी न्यायालयाने मोजून सांगितल्या: खोली त्यांची एकट्याची, तिच्यातले दोन फोन, त्यातला एक खास खासगी वापरासाठीचा, आणि खटल्याच्या कामासाठी हे फोन वापरा असं त्यांना दिलेलं आश्वासन. पुढचा प्रश्न, हा हस्तक्षेप ‘कायद्यानुसार’ होता का? सरकारपाशी उत्तर नव्हतं, कारण गृहखात्यानेच ऑल्टनना लिहून दिलं होतं की अंतर्गत फोनांना कायदाच लागू नाही. मेगरींच्या न्यायाने ते निर्दोषत्व झालं असतं. स्ट्रासबर्गच्या हिशेबी तोच दोष ठरला. राज्यसंस्थेने माणसाच्या बोलण्यात कान घालायचा तर त्याला कायद्याचा आधार पाहिजे; कायद्यात काही लिहिलेलं नाही ही परवानगी नव्हे. दाद मागायला देशात मार्ग नव्हता, म्हणून १३ व्या कलमाचाही भंग. घरच्या फोनबद्दल मात्र पुरावा तोकडा पडला आणि ती तक्रार फेटाळली गेली. तो निनावी माणूस काही पुढे आला नाही. भरपाई १०,००० पौंड, अधिक ६०० पौंड, आणि खर्चाचे २५,०००.

अटलांटिकच्या पलीकडे हाच पेच वेगळ्या वाटेने सुटला होता. अमेरिकेने १९६८ मध्ये टॅपिंगचा कायदा केला त्यात खासगी मालकही आले, पण धंद्याच्या सर्वसाधारण कामात एक्स्टेन्शन फोनवरून ऐकायला सूट राहिली. अलाबामातल्या, फोनवरून यलो पेजेसच्या जाहिराती विकणाऱ्या एका कंपनीतली ही हकीकत. विक्रीचे फोन वरिष्ठ ऐकतात हे तिथल्या कर्मचारी बाईंना ठाऊक होतं. एका दुपारच्या सुट्टीत मैत्रिणीचा फोन आला, बाई दुसरीकडे दिलेल्या मुलाखतीबद्दल बोलल्या, आणि वरिष्ठाने ते ऐकलं. नोकरीवर गदा आली. १९८३ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं, फोन खासगी आहे की कामाचा एवढं ठरेपर्यंतच ऐकता येईल. खासगी असल्याचं कळलं की कान काढून घ्यायचा. अर्धं वाक्य ऐकून रिसीव्हर खाली ठेवणारा वरिष्ठ कोणी पाहिला असेल तर त्याने हात वर करावा. तरीही हा नियम ब्रिटनमधल्या पोकळीपेक्षा बराच बरा होता.

आपल्याकडे, भारतात, फोन ऐकण्याबद्दलच्या एका जुन्या निकालाचा धागा मुंबईचा आहे. १९६४ मध्ये मुंबईच्या कॉरोनरवर, एका रुग्णाच्या मृत्यूच्या चौकशीत डॉक्टरकडे लाच मागितल्याचा आरोप होता. लाचलुचपत खात्याने एका डॉक्टरच्या संमतीने त्यांच्याच घरच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला आणि कॉरोनरचं बोलणं पकडलं. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७२ मध्ये तो पुरावा मान्य केला. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती, कॉरोनर स्वखुशीने बोलत होता, तेव्हा तार कायद्याचा भंग नाही. निरपराध नागरिकाच्या फोनमध्ये कोणी दांडगाईने कान घातला तर न्यायालय आड येईल, असंही तिथे म्हटलं आहे. मालकाने नोकराचं, दोघांपैकी कोणालाच न विचारता, ऐकलं तर काय, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हता.

हॅल्फर्ड निकालानंतर ब्रिटनला पोकळी बुजवणं भाग पडलं. २००० मध्ये नवा कायदा आला, त्याने खासगी यंत्रणेवरचं ऐकणंही कक्षेत घेतलं. बाईंचा विजय कागदावर पूर्ण झाला. आणि तिथेच त्याला गळती लागली. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या ‘वैध व्यवसाय’ नियमांनी मालकांना ऐकण्याची कारणं यादीने दिली: व्यवहाराचा पुरावा ठेवणं, कामाचा दर्जा तपासणं, नियम पाळले जातात का पाहणं, गुन्हा रोखणं, यंत्रणेचा अनधिकृत वापर शोधणं. ‘अनधिकृत वापर’ या दोन शब्दांत बायकोला केलेला फोनही बसत होता. मसुदा आधी बराच कडक होता. उद्योगांनी तक्रारी केल्यावर तो सैल झाला. अट राहिली ती मुख्यतः एक, की यंत्रणा वापरणाऱ्यांना ऐकलं जाईल हे कळवायचा शक्य तो प्रयत्न करायचा.

म्हणजे न्यायालयाने ‘तिला कोणी सांगितलं नव्हतं’ या पायावर हक्क उभा केला, आणि सरकारने ‘आता सांगून टाका’ असा मार्ग काढला. नेमणूकपत्राबरोबर सही करायला येणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात आणखी एक कागद वाढला. सही केली की अपेक्षा संपली, आणि अपेक्षा संपली की हक्क संपला, असं मालकांच्या वकिलांनी खुशाल धरलं. न्यायालयाचा तर्क चुकला असं मला म्हणायचं नाही. त्या खटल्यात तेवढंच पुरेसं होतं. पण हक्काला सूचनेच्या खुंटीला बांधलं की खुंटी उपटणाऱ्याचंच काम सोपं होतं.

याची झळ मराठी मुलामुलींनाही लागली, ती इंग्लंडमध्ये न जाता. २००० नंतर ब्रिटिश बँकांची, विमा कंपन्यांची, रेल्वे चौकशीची कामं भारतात आली, पुणे-मुंबईच्या कॉल सेंटरांत रात्रपाळ्या सुरू झाल्या. तिथे ‘क्यूए’ म्हणजे क्वालिटीवाला हा स्वतंत्र जीव असतो. तो फ्लोअरवरच्या कोणाच्याही कॉलमध्ये आवाज न करता शिरतो, ऐकतो आणि गुण देतो. ग्राहकाला सुरुवातीला ध्वनिमुद्रित आवाजात कळवलं जातं, एजंटला भरतीच्या दिवशी. बहुतेक मुलांना यात काही वाटेनासं झालं. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याच्या ७ व्या कलमात तर नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायची मुभाच दिलेली आहे.

स्वतः हॅल्फर्डबाई निकालानंतरच्या काळात राजकारणात शिरल्या होत्या. १९९९ मध्ये वेल्सची नवी विधानसभा झाली तेव्हा मजूर पक्षाच्या तिकिटावर त्या डेलिनमधून निवडून आल्या, २००३ पर्यंत तिथे होत्या, आणि २००६ मध्ये चक्क हुजूर पक्षात गेल्या. एका पठडीत बसणं त्यांना बहुधा मानवतच नसावं.

त्यांच्या खटल्याचा एक वारस मात्र वेल्समध्येच पुढे आला. कार्मार्थनशर कॉलेजच्या प्राचार्यांच्या स्वीय सहायक बाईंचे फोन, ईमेल आणि इंटरनेट १९९८-९९ मध्ये तपासले गेले. इथे आवाज ऐकला नव्हता. कोणत्या नंबरला, कधी, किती वेळ, एवढंच बिलांवरून पाहिलं होतं. सरकारचं म्हणणं, शिक्षणसंस्था चालवण्यासाठी आवश्यक ते करायचा कॉलेजला अधिकारच आहे. ३ एप्रिल २००७ ला स्ट्रासबर्गने हॅल्फर्डचाच दाखला देऊन बाईंच्या बाजूने कौल दिला, ३,००० युरो भरपाई दिली. पण पुन्हा तोच पाया, की त्यांना पूर्वसूचना नव्हती.

सूचना दिलेली असेल तर? तो पेच सुटायला आणखी दहा वर्षं गेली, आणि सुटला रुमानियातल्या एका विक्री अभियंत्याच्या खटल्यात. मालकाच्या सांगण्यावरून ग्राहकांना उत्तरं देण्यासाठी त्याने याहू मेसेंजरचं खातं उघडलं होतं. कंपनीत संगणक खासगी कामाला वापरायची साफ बंदी होती आणि बंदीच्या कागदावर त्याची सहीही. जुलै २००७ मध्ये आठवडाभर त्याचं खातं नजरेखाली राहिलं. मी खासगी काही बोललो नाही असं तो म्हणताच मालकाने ४५ पानी नक्कल त्याच्यापुढे ठेवली, भाऊ आणि वाग्दत्त वधू यांच्याशी केलेल्या बोलण्याची. ऑगस्टमध्ये नोकरी गेली. रुमानियाची न्यायालयं मालकाच्या बाजूने गेली, स्ट्रासबर्गचा पहिला निकालही. मग ५ सप्टेंबर २०१७ रोजी मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी तो फिरवला. खासगी वापराला बंदी आहे हे सांगणं वेगळं, आणि तुमचं बोलणं आम्ही शब्दन् शब्द वाचू हे सांगणं वेगळं. शिवाय मालकाच्या सूचना कितीही कडक असल्या तरी कामाच्या जागी माणसाचं खासगी समाजजीवन शून्यावर आणता येत नाही. किती वाचलं, कशासाठी, याहून कमी खुपणारा मार्ग होता का, आणि त्या वाचण्याचे परिणाम माणसाला काय भोगावे लागले, हे रुमानियाच्या न्यायालयांनी तोलायला हवं होतं, ते त्यांनी तोललं नाही. सहा न्यायाधीशांना हे पटलं नाही. त्यांच्या मते रुमानियाच्या न्यायालयांनी पुरेसं तोललं होतं. अभियंत्याला खर्चापोटी १,३६५ युरो मिळाले. मनस्तापाबद्दल वेगळी भरपाई नाही. हक्काचा भंग झाला असं न्यायालयाने म्हटलं, तेवढं समाधान पुरेसं आहे, असं त्याला सांगण्यात आलं.